जाळ्यांत बुडालेला गादा

रत्नागिरी जिल्ह्यांतील किनाऱ्यावरच्या एका शाळेंत गेल्या वर्षीं आम्हांस सातवीच्या वर्गापुढें समुद्रांतील सस्तन प्राण्यांविषयीं बोलण्याचा प्रसंग आला. फळ्यावर एक मोठें चित्र काढून आम्हीं विचारलें, "हा कोण?" अवघा वर्ग एका सुरांत म्हणाला, "देवमासा!" "मग हा मासा, कीं मासा नव्हे?" येथें मात्र वर्गांत फूट पडली. नांवांतच 'मासा' असतांना तो मासा नव्हे असें म्हणणें मुलांना लबाडीचें वाटतें, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. आपल्या भाषेनें त्या प्राण्याला देवपण दिलें, पण मासा म्हणावयाचें कांहीं सोडलें नाहीं!

फुफ्फुसांनीं श्वास, उष्ण रक्त, पिलांना दूध, ही त्रयी मुलें पाठ करतात, परीक्षेंत लिहितात, आणि सुटीच्या दिवशीं वाळूवर मेलेला गादा दिसला म्हणजे 'केवढा हा मासा!' असेंच म्हणतात. (गादा म्हणजे कोंकणांतला डॉल्फिन.) म्हणून आम्हीं पुस्तक मिटून ठेविलें व शेपटीपासून आरंभ केला. माशाची शेपटी उभी असते व डावीउजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते व वरखालीं हलते. घोडा चौखूर उधळला म्हणजे त्याची पाठ जशी वरखालीं होते, तीच ही चाल. कारण याचे पूर्वज सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं जमिनीवर चार पायांनीं हिंडत होते. त्या संक्रमणकाळांतील एका जातीचे अवशेष आपल्या कच्छांत सांपडले, म्हणून शास्त्रज्ञांनीं तिचें नांवच 'कच्छिसेटस' असें ठेविलें आहे. हें ऐकून मागच्या बांकावरची मुलेंहि पुढें सरकलीं.

मग आम्हीं सर्वांना अंगणांत नेलें व ३० मीटर लांबीचा दोर पसरला. निळा देवमासा एवढा वाढतो. त्याचें नुकतें जन्मलेलें पिल्लूच सुमारें ७ मीटरांचें असतें आणि दिवसाला दोनशें लिटरांच्या आसपास दूध पितें. घरीं रोज एक लिटर दूध घेणाऱ्या मुलींनीं लागलीच हिशेब केला कीं, आपलें साडेसहा महिन्यांचें दूध हें बाळ एका दिवसांत संपवील. असा हिशेब मुलांनीं आपण होऊन केला म्हणजे शिकविणाऱ्यास धन्यता वाटते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो पैशाचा. "देवमाशाची उलटी कोटी रुपयांना जाते, हें खरें काय?" किनाऱ्यावरील मुलांच्या कानीं ही गोष्ट कोणत्याहि धड्याच्या आधीं पडते! अंबर या नांवानें सुगंधी द्रव्यांत वापरली जाणारी ती वस्तु स्पर्म नांवाच्या देवमाशाच्या आंतड्यांत तयार होते; १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें तिचा व्यापार आपल्या देशांत गुन्हा आहे, एवढें सांगून आम्हीं तो विषय आटोपता घेतला.

दुसरा प्रश्न एका मच्छीमाराच्या मुलानें विचारला. तो तोंवर एक शब्दहि बोलला नव्हता. "गादा पाण्यांत जन्मतो, पाण्यांतच राहतो. मग आमच्या जाळ्यांत तो मेलेला कां निघतो? त्याला तर जखम नसते." आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. तासभर जें आम्ही समजावीत होतों, त्याचें मर्म या पोरानें होडींत बसून आधींच पाहिलें होतें. त्याला फक्त कारण ठाऊक नव्हतें. तो बुडून मरतो, असें आम्हीं सांगितलें. त्याला ठराविक वेळानें वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यांत गुरफटला कीं वर येतां येत नाहीं. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो; गंगेंतला डॉल्फिन तर जवळजवळ आंधळा असून केवळ याच शक्तीवर जगतो. परंतु नायलॉनच्या बारीक धाग्यावरून येणारा प्रतिध्वनि फार क्षीण असतो. मुलगा खालीं बसला. "म्हणजे त्याला जाळें दिसतच नाहीं," असें तो स्वतःशींच म्हणाला.

नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्याच्या वाळूंत रुतलेलें देवमाशाचें पिल्लू वर्गांतील पुष्कळांना आठवत होतें. सुमारें दोन दिवस खटपट करून त्याला समुद्रांत नेलें, परंतु तें पुन्हां किनाऱ्यास लागलें व मेलें. पाण्यांत तोललें जाणारें तें प्रचंड शरीर जमिनीवर आपल्याच भारानें फुफ्फुसें दाबून टाकतें, हें कळल्यावर मुलांनीं आपल्याला काय करतां येईल तें विचारलें. अंगावर ओलीं फडकीं घालावीं; पण डोक्यावरच्या श्वासरंध्रांत पाणी जाऊं देऊं नये, कारण तें त्याचें नाक आहे. शेपटीला धरून ओढूं नये. गर्दी हटवावी, आणि वनखात्यास ताबडतोब कळवावें. प्रेमानें बादल्या ओतणारी माणसेंच येथें घात करतात!

जाळ्याची गोष्ट मात्र आम्हांला सोडवेना. जिवंत सांपडलेला गादा वा कासव जाळें कापून सोडून दिल्यास मच्छीमारास जास्तींत जास्त २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रांत डिसेंबर २०१८ पासून सुरू झाली, हें आम्हीं त्या मुलास सांगितलें. त्याला ती ठाऊक होती. सोडविल्याचें छायाचित्र पुराव्यादाखल द्यावें लागतें, हेंहि ठाऊक होतें. "पण तेव्हां होडींतल्या सगळ्यांचे हात जाळ्याला लागलेले असतात. फोटो काढायचा कोणी?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें वर्गानेंच काढलें: त्यानें स्वतः होडीवर जावें व एवढेंच काम करावें. बाप मात्र सुटी लागल्याशिवाय नेत नाहीं, असें तो म्हणाला.