भाड्याचं इंजिन

न्हावा शेवा बंदरातून सुटणाऱ्या मालगाडीचा मालक कोण, असं विचारलं तर एक उत्तर मिळत नाही. कंटेनर जहाज कंपनीचे, आतला माल व्यापाऱ्यांचा. वॅगनी गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या. 2006 पर्यंत हा धंदा कॉनकॉर या एकट्या सरकारी कंपनीचा होता, मग खासगी कंपन्यांनाही परवाने मिळाले. त्यांनी वॅगनी विकत घ्यायच्या आणि इंजिन व चालक रेल्वेचे म्हणून रेल्वेला हॉलेज, म्हणजे ओढणावळ, मोजायचं. पण रेल्वेचं विजेचं इंजिन क्रेनखाली येऊ शकत नाही. पंचवीस हजार व्होल्टची तार डोक्यावर असताना कंटेनर उचलणार कसा? म्हणून ते अलीकडेच थांबतं आणि क्रेनखालच्या शेवटच्या तुकड्यासाठी डिझेल इंजिन लागतं. ते बहुधा भाड्याचं असतं.

बंदराला स्वतःचं इंजिन घेता येत नाही असं नाही. पण एक इंजिन आलं की त्यामागे शेड, सुटे भाग, फिटर, इलेक्ट्रिशियन, शंटर असा अख्खा संसार येतो. दोन-तीन इंजिनांसाठी तो मांडणं परवडत नाही. म्हणून बंदरं, पोलाद कारखाने, वीजकेंद्रं इंजिन भाड्यानं घेतात. राइट्स ही 1974 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी हे काम करते, खासगी ठेकेदारही करतात. नुसतं इंजिन घेता येतं, किंवा चालक आणि देखभालीसकट. दुसऱ्या प्रकाराला 'वेट लीज' म्हणतात. मी ज्या यार्डात गेलो तिथे हाच प्रकार होता. यार्डाचं आणि ठेकेदाराचं नाव इथे नको.

इंजिन डब्ल्यूडीएस-6 जातीचं. सहा सिलिंडर, चौदाशे अश्वशक्ती, वेग बेताचा, ताकद भरपूर. चालवणारे शंटर रेल्वेतून निवृत्त झालेले; यार्डात सगळे त्यांना काका म्हणतात. फिटर उरण तालुक्यातला, आयटीआय झालेला पोरगा. सकाळी काका पायरी चढण्याआधी हा पोरगा इंजिनाभोवती फेरी मारतो. पाण्याच्या टाकीच्या काचेत पातळी किती, वाळूच्या पेट्या भरल्यात का, ब्रेकचे ब्लॉक किती झिजलेत. मग डिपस्टिक.

"तेल किती?"

"काका, कालच्यापेक्षा जरा वर आहे."

तेल कमी झालं तर भर घालता येते. वाढलं तर मात्र कुठून तरी डिझेल किंवा पाणी त्यात उतरतंय असा अर्थ. काकांनी काडीवरचा थेंब दोन बोटांत चोळला, हुंगला, पुन्हा चोळला. नंतर म्हणाले, काल रात्री इंजिन बंद करून लगेच मोजलं असेल, तेल वरून पुरतं उतरलं नसेल. रात्रपाळीच्या वहीत वेळ बघितली तर तसंच होतं. डिपस्टिकवरच्या रेघेइतकीच ती काढल्याची वेळ महत्त्वाची, हे मला तिथेच कळलं.

खाडीच्या हवेत खारटपणा इतका, की बाहेर ठेवलेला पाना काही दिवसांत तांबूस होतो. पावसाळ्यात त्याहून वाईट हाल ट्रॅक्शन मोटारींचे. दमटपणा इन्सुलेशनमध्ये शिरतो, म्हणून मेगर हे इन्सुलेशन मोजायचं यंत्र लावून ते तपासायचं, कार्बन ब्रश झिजलेत का बघायचं. या कामासाठी करारात महिन्यातले ठरावीक तास दिलेले असतात. त्यापलीकडे इंजिन जितका वेळ उभं राहील तितके पैसे भाड्यातून कापले जातात. पूर्वीच्या शेडमध्ये मिस्त्रीची पत इंजिन दुरुस्त झालं की नाही यावरून ठरायची. इथे ते किती वाजता उभं राहिलं, त्याची लेखी सूचना कुणी कुणाला दिली आणि किती वाजता तयार झालं यावरही ठरते. काका या लिखापढीला वैतागतात. मला मात्र ती या कामाचाच भाग वाटली. जो फिटर लिहीत नाही, त्याची मेहनत बिलात दिसत नाही.

त्या दिवशी रेक, म्हणजे जोडलेल्या वॅगनींची रांग, आत ढकलताना इंजिन धापा टाकू लागलं. थ्रॉटल वाढवला की आवाज चढायचा आणि खाली यायचा. पोराने इंधनाचे फिल्टर काढले, ते चिकट आणि ओले निघाले. डिझेलमध्ये पाणी. टाकीच्या तळाची तोटी उघडली, तर आधी पाणीच आलं. आता भांडण खरं कशाचं? इंजिन ठेकेदाराचं, देखभाल ठेकेदाराची, पण डिझेल यार्डाने पुरवायचं. पोराने जुने फिल्टर फेकले नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख आणि वेळ लिहिली, आणि मगच नवे बसवले.

भरलेला रेक बाहेर आला तेव्हा ऊन चढलं होतं. 45 वॅगनी, वीस फुटी 90 कंटेनर मावतील एवढी गाडी, जवळपास सातशे मीटर लांब. कंटेनर वॅगनला जखडणारे ट्विस्ट लॉक बघत एका बाजूने माणूस चालत गेला. पलीकडे रेल्वेचं डब्ल्यूएजी-9 हे विजेचं इंजिन उभं होतं. डिझेल सुटलं, विजेचं इंजिन लागलं, होजपाइप जोडले, ब्रेक पाइपमध्ये हवा भरत पाच किलोवर आली. शेवटच्या वॅगनपाशी ट्रेन मॅनेजरने प्रेशर बघितलं. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सह्या झाल्या आणि गाडी रेल्वेची झाली.

आणि ते विजेचं इंजिन तरी रेल्वेचं स्वतःचंच असतं का? 1986 साली स्थापन झालेलं इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन बाजारातून पैसा उभा करतं, त्यातून इंजिनं, डबे, वॅगनी घेतं आणि रेल्वेला भाड्यानं देतं. मुदत साधारण 30 वर्षांची, त्यातली पहिली 15 मुख्य. म्हणजे देशभर धावणाऱ्या कितीतरी इंजिनांचा कागदोपत्री मालक कधी डिपस्टिक काढत नाही. सगळी देखभाल रेल्वेच्या शेडमध्ये. त्याची उलट बाजू नागपूरला दिसते. नोव्हेंबर 2015 मध्ये रेल्वेने आल्स्टॉमशी बारा हजार अश्वशक्तीच्या 800 इंजिनांचा करार केला. ती बिहारमधल्या मधेपुऱ्याला बनतात, आणि देखभालीसाठी सहारनपूर व नागपूर इथे खास डेपो आहेत. ज्याने बांधली त्यानेच ती चालू ठेवण्याची हमी द्यायची. इंजिनातल्या यंत्रणा आपला हालहवाल दुरूनही कळवतात. काकांच्या बोटांचं काम तिथे सेन्सर करतो. पण उभं राहिलेल्या तासांचा हिशेब तिथेही कुणाला तरी द्यावाच लागणार.

इंजिनांसारखी तारही बदलते आहे. बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंतच्या पश्चिम मालवाहतूक मार्गाची तार साधारण साडेसात मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे कंटेनर एकावर एक दोन थर रचून नेता येतात. वैतरणा ते न्हावा शेवा हा त्यातला सगळ्यात रखडलेला टप्पा ठरला. पण तार कितीही उंच नेली तरी क्रेनखाली ती येणार नाही. तिथे काकांच्या इंजिनाला काम राहीलच.

महिनाअखेर यार्डाची आणि ठेकेदाराची वही समोरासमोर ठेवतात. त्या पाण्याचं काय झालं ते नंतर फोनवर कळलं. पिशवीतले फिल्टर टेबलावर आले आणि वजावट अर्ध्यावर आली. फिल्टर बदलायचा वेळ ठेकेदाराच्या खात्यावर, टाकी रिकामी करायचा यार्डाच्या. पोरगा आता टँकर आला की डिझेल उतरवण्याआधी काचेच्या बाटलीत नमुना घेतो आणि बाटलीवर टँकरचा नंबर लिहितो.