ओतीव पोलादांतील ताण व संगणकाचें गणित

पोलाद ओतण्याची जुनी रीत अशी कीं, भट्टींतील रस निरनिराळ्या सांच्यांत ओतावा आणि तो थिजून झालेले ठोकळे पुन्हा तापवून लाटावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही रीत मागें पडून अखंड ओतकामाची रीत रूढ झाली. आज जगांतील शेंकडा ९० हून अधिक पोलाद याच रीतीनें ओतलें जातें.

या रीतींत बूड नसलेला तांब्याचा सांचा उभा ठेवून त्याच्या भिंतींमागें थंड पाणी खेळवितात, व सुमारें १५५० अंश सेंटिग्रेड उष्णमानाचा रस वरून सोडितात. खालीं सरकतां सरकतां रसाच्या बाहेरील अंगास घट्ट कवच येतें. सांच्याबाहेर पडतांना तें अवघें एक-दोन सेंटिमीटर जाड असतें. आंत रस पातळच असतो. हें कवच फाटलें तर रस बाहेर उसळतो, यंत्राची नासाडी होते आणि जवळच्या कामगारांच्या जिवावर बेततें.

मग कवच फाटतें कां? निवणारा धातु आकुंचन पावतो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढविलेली लोखंडी धांव निवल्यावर लांकडास आंवळून धरते, ती याच नियमानें. सर्व थर एकाच वेळीं सारखे निवले असते तर ताण उत्पन्न झाला नसता. परंतु कवचाची बाहेरील बाजू प्रथम थिजते. तिच्यामागें केवळ रस असतो, व रसाच्या अंगीं अडविण्याची शक्ति नसल्यामुळें ती मोकळेपणीं आकसते. नंतर आंतील थर थिजून आकसूं पाहतात, तेव्हां आधींच निवलेली बाजू त्यांस अडविते. म्हणून बाहेर दाब व आंत ओढ निर्माण होते. पुढें पाण्याच्या फवाऱ्यांखालून जातांना, दोन फवाऱ्यांच्या मध्यें पृष्ठभाग पुन्हा तापून फुगतो आणि आंतील नुकत्याच थिजलेल्या नाजूक थरास ओढतो. तेथें भेगा पडण्याचें भय असतें.

आणखी एक अडचण आहे. १५०० मिलिमीटर रुंदीचें कवच ३०० अंशांनीं निवलें व दर अंशास ०.००००२ या प्रमाणांत आकसलें, तर तें ९ मिलिमीटरांनीं अरुंद होतें. त्यामुळें कवच व सांचा यांमध्यें फट पडते. फटींतून उष्णता कमी जाते. कवच पातळ राहतें. म्हणून सांचा खालच्या बाजूस किंचित् निमुळता करितात. निमुळतेपणा कमी पडला तर फट राहते, अधिक झाला तर घर्षण वाढतें. योग्य माप कोणतें, हें तापलेल्या सांच्यांत डोकावून पाहतां येत नाहीं.

येथें संगणक उपयोगीं पडतो. कवचाचे सहस्रावधि लहान तुकडे कल्पून, प्रत्येकांत क्षणाक्षणास किती उष्णता आली व गेली, तो किती आकसला, शेजाऱ्यांनीं त्यास किती ओढलें, याचा हिशेब तो करितो. आकुंचनानें फट बदलते व फटीनें उष्णतेचा ओघ बदलतो, म्हणून दोन्ही हिशेब परस्परांशीं जुळेपर्यंत पुनःपुन्हा करावे लागतात. या पद्धतीस ‘फायनाइट एलिमेंट’ हें नांव क्लफ यांनीं १९६० सालीं दिलें. तिच्या मुळाशीं असलेला उष्णतावहनाचा नियम फूरिये यांनीं १८२२ च्या ग्रंथांत मांडला होता.

परंतु यंत्राचें उत्तर डोळे झांकून मानावयाचें नसतें. वाइनर व बोली यांनीं १९६३ सालीं थिजणाऱ्या पदार्थांतील ताणाचें एक साधें उदाहरण कागदावरच सोडविलें होतें. नवी प्रतिकृति रचणारा प्रथम तिच्याकडून तेंच उदाहरण सोडवून घेतो. उत्तर जुळलें तरच तिच्यावर अवघड काम सोंपवितो. कारखान्यांत मोजलेल्या उष्णमानाशींही तो ताळा पाहतो. गणिताच्या वहींत ताळा करण्याचा ज्यांस कंटाळा येतो, त्यांनीं ध्यानांत धरावें कीं, अशाच ताळ्यावर भट्टीजवळ उभ्या असलेल्या मनुष्याची सुरक्षितता अवलंबून असते.