ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

(जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरू लागली की पुष्कळ लोक सरळ नवी बॅटरी विकत आणतात. पण दोष दुसरीकडेच असेल तर हा खर्च वाया जातो. बिघाड क्रमाने आणि विचारपूर्वक कसा शोधावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

ट्रॅक्टर हा आजच्या शेतीचा मोठा आधार आहे. नांगरणी, पेरणी, मळणी, मालाची वाहतूक अशी कितीतरी कामे तो करतो. नवा ट्रॅक्टर घेणे मात्र प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून खेड्यापाड्यांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर अजूनही शेतात राबताना दिसतात. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ हा ट्रॅक्टर किंवा १९७१ पासून पिंजोरच्या कारखान्यात बनू लागलेले एचएमटीचे झेटर ट्रॅक्टर आपल्या घरातील वडील माणसांना चांगले आठवत असतील.

अशा जुन्या ट्रॅक्टरची एक नेहमीची तक्रार असते. मृगाचा पाऊस झालेला असतो. जमिनीला वाफसा आलेला असतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. दोन-चार दिवसांत पेरणी झाली नाही तर ओल उडून जाते. अशा वेळी शेतकरी पहाटे ट्रॅक्टरवर बसतो, सेल्फ मारतो आणि 'कट्' असा आवाज होऊन सगळे शांत होते. बॅटरी उतरलेली असते. चार माणसे धक्का देऊन ट्रॅक्टर सुरू करतात. ट्रॅक्टर दिवसभर व्यवस्थित चालतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा 'कट्'!

आता प्रश्न असा, की बॅटरी रिकामी असताना ट्रॅक्टर दिवसभर चालला कसा? याचे कारण डिझेल इंजिनात आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगीसाठी वीज लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंपही इंजिनाच्या चाकांवरच फिरतो. म्हणून एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरज नसते. वीज लागते ती सुरू करण्यासाठी, दिव्यांसाठी आणि हॉर्नसाठी. म्हणूनच चार्जिंग बंद पडले तरी दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही. ते कळते दुसऱ्या दिवशी, नेमके कामाच्या वेळी.

बॅटरी म्हणजे घरातला पाण्याचा रांजण समजा. नळाने रांजण भरतो आणि आपण त्यातून पाणी घेतो. एके दिवशी सकाळी रांजण रिकामा दिसला, तर काय काय झालेले असू शकेल? रांजणालाच तडा गेला असेल. नळाला पाणी आले नसेल. नळापासून रांजणापर्यंतची नळी फुटली असेल. किंवा रात्रभर रांजणाची तोटी उघडी राहिली असेल. कारणे चार आहेत. रांजण बदलण्याचा उपयोग यांपैकी फक्त एकाच कारणात होतो.

ट्रॅक्टरवर नळाचे काम डायनॅमो करतो. तारेचे वेटोळे चुंबकाजवळ फिरवले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तके बांधण्याचे काम शिकत होता. त्याच्या शोधाच्या आधारावरच डायनॅमो चालतो. इंजिन पट्ट्याने डायनॅमोला फिरवते, डायनॅमो वीज तयार करतो आणि तारांमधून ती बॅटरीत जाते.

डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लहान पेटी असते. तिच्यात दोन भाग असतात. पहिला कटआउट. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा जास्त झाला की तो वाट उघडतो आणि कमी झाला की बंद करतो. त्यामुळे इंजिन बंद असताना बॅटरीतील वीज उलटी डायनॅमोकडे वाहत नाही. दुसरा रेग्युलेटर. तो विजेचा दाब प्रमाणाबाहेर वाढू देत नाही. नंतरच्या ट्रॅक्टरांवर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. तो इंजिनाच्या कमी वेगातही पुरेशी वीज देतो.

रोगी पाहिल्यावर चांगला डॉक्टर लगेच औषध देत नाही. आधी तो विचारपूस करतो, नाडी पाहतो, रोग ओळखतो. या ओळखण्याला मराठीत 'निदान' म्हणतात. तुम्ही उर्दूत त्यालाच 'तश्खीस' म्हणता. यंत्राचेही तसेच आहे. एका गॅरेजात चाललेले हे बोलणे पाहा.

"उस्ताद, नवी बॅटरी टाकून द्या. उद्या पेरणी आहे."

"टाकतो चाचा, पण आधी सांगा, मागची बॅटरी केव्हा घेतली होती?"

"मागच्याच दिवाळीत."

"मग इतक्या लवकर ती कशी जाईल? आधी बघू तर द्या. बॅटरी कुठे पळून जात नाही."

उस्तादांनी पहिले काम केले ते विचारण्याचे. ट्रॅक्टर किती दिवस उभा होता? रात्री दिवे लावून काम केले का? मीटरचा काटा कुठे असतो? या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. पण निम्मे निदान त्यांतच होते.

दुसरे काम डोळ्यांनी पाहण्याचे. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी जमली आहे का? तारा सैल आहेत का? बॅटरीची एक तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली असते. तिला अर्थची तार म्हणतात. तिच्या नटाखाली गंज किंवा रंग असेल तर वीज नीट वाहत नाही. अशा वेळी तारा काढून टर्मिनले खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, ब्रशने घासावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत आणि वरून व्हॅसलीन लावावे. काढताना अर्थची तार सर्वांत आधी काढावी आणि बसवताना सर्वांत शेवटी बसवावी. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांत सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते. म्हणून कोणती तार कुठे होती, हे आधी पाहून ठेवावे.

तिसरे काम पट्टा तपासण्याचे. इंजिन बंद करून पट्ट्याच्या लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबावे. पट्टा साधारण अर्धा इंच आत गेला तर ताण बरोबर आहे. तो फार सैल असेल किंवा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर घसरतो. मग इंजिन फिरते, पण डायनॅमो पुरेसा फिरत नाही.

चौथे काम मीटर लावून मोजण्याचे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी, काही तास तशीच ठेवल्यावर, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी. बॅटरी चार्ज करूनही मीटर साडेदहा व्होल्टच्या आसपासच राहत असेल, तर बहुधा तिचे एक घर निकामी झालेले असते. अशा वेळी मात्र बॅटरी बदलावीच लागते. रांजणाला तडा गेला तो असा.

आता इंजिन सुरू करून त्याचा वेग थोडा वाढवावा आणि पुन्हा बॅटरीवर मीटर लावावा. आकडा वाढून साधारण १४ व्होल्टच्या आसपास गेला तर चार्जिंग चालू आहे. आकडा मुळीच वाढला नाही तर बॅटरीत वीज येतच नाही. आकडा १५ च्याही पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरी तापते आणि तिचे पाणी लवकर आटते. आटते ते पाणी, ॲसिड नव्हे. म्हणून बॅटरीत नेहमी शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणीच घालावे.

ट्रॅक्टरच्या समोरील अँमीटर पाहतानाही चूक होते. इंजिन सुरू झाल्यावर काटा अधिकच्या बाजूला जातो. बॅटरी भरत आली की तो हळूहळू शून्याजवळ येतो. हा बिघाड नव्हे; रांजण भरल्याची ती खूण आहे. तसेच इंजिन अगदी मंद चालू असताना दिवे लावले तर डायनॅमोच्या ट्रॅक्टरवर काटा उणेकडे झुकतो. वेग वाढवल्यावर तो परत आला तर काळजी नको. वेग वाढवूनही तो उणेकडेच राहिला तर मात्र दोष शोधलाच पाहिजे.

वीज येत नसेल तर दोष डायनॅमोत आहे की पेटीत? हे ओळखण्याची मिस्त्रींची एक युक्ती आहे. दोन टर्मिनलांच्या डायनॅमोवरच ती चालते. डायनॅमोच्या दोन्ही तारा काढून ती टर्मिनले एका लहान तारेने एकमेकांना जोडतात. मीटरचे एक टोक त्यांना आणि दुसरे सांगाड्याला लावतात. मग इंजिनाचा वेग हळूहळू वाढवतात. काटा भराभर वर चढला तर डायनॅमो चांगला आहे. दोष पेटीत किंवा तारांत आहे. काटा २० व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ देत नाहीत. काटा हललाच नाही तर डायनॅमो उघडून त्याचे कार्बन पाहतात. ते झिजलेले असले तर थोड्या पैशांत नवे मिळतात. कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याचा भाग काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने साफ करतात. ही परीक्षा अल्टरनेटरवर कधीही करू नये. अल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीची तारही काढू नये, कारण त्याच्या आतील नाजूक डायोड जळतात.

कधी कधी डायनॅमो निर्दोष असूनही वीज देत नाही. त्याच्या आतील लोखंडात थोडेसे चुंबकत्व नेहमी शिल्लक असते. त्याच्या बळावरच वीज निर्माण होण्यास सुरुवात होते. ट्रॅक्टर पुष्कळ महिने उभा राहिला तर हे चुंबकत्व नाहीसे होऊ शकते. मग मिस्त्री डायनॅमोच्या लहान टर्मिनलावरची तार काढतात आणि बॅटरीची तार त्या टर्मिनलाला क्षणभर टेकवतात. एक बारीक ठिणगी उडते आणि डायनॅमो पुन्हा कामाला लागतो. ज्याला लोक 'जळलेला' म्हणून भंगारात टाकणार होते, तो असा वाचतो.

राहिली उघडी तोटी. कटआउटचे टोक चिकटून बसले तर इंजिन बंद झाल्यावरही वाट उघडीच राहते आणि बॅटरीतील वीज उलटी डायनॅमोत वाहते. इंजिन आणि दिवे बंद असूनही अँमीटरचा काटा उणेकडे दिसला तर हा संशय घ्यावा. लगेच बॅटरीची अर्थची तार काढावी, नाही तर डायनॅमोच्या तारा तापून जळतील.

ही कामे करताना सावधगिरी फार महत्त्वाची आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो चटकन पेट घेतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा कंदील नेऊ नये. पाना दोन्ही टर्मिनलांना एकाच वेळी टेकू देऊ नये. ॲसिड अंगावर उडाले तर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, रुमाल, सैल बाही जाऊ देऊ नये. मुलांनी ही कामे एकट्याने करू नयेत. जाणकार माणसाजवळ उभे राहून पाहावीत.

चाचांच्या ट्रॅक्टरचे काय झाले? अर्थच्या तारेखाली गंज होता आणि पट्टा सैल होता. उस्तादांनी गंज घासला, पट्टा ताणला आणि बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. नवे काहीच विकत घ्यावे लागले नाही. पेरणीही वाफशावर झाली. चाचांना जी बॅटरी बदलायची होती, तीच बॅटरी त्या दिवशी कामी आली.

शब्दार्थ

वाफसा – पेरणीयोग्य ओल, बुआई के लायक नमी
रांजण – पाण्याचे मोठे मातीचे भांडे, मटका
बिघाड – खराबी
निदान – तश्खीस
चुंबक – मक्नातीस
सांगाडा – ढाँचा
ताण – खिंचाव
निकामी – बेकार, नाकारा
सावधगिरी – एहतियात

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिझेल इंजिनात डिझेल कशाने पेटते?
(आ) कटआउटचे काम काय?
(इ) बॅटरीत कोणते पाणी घालावे?

२. कारणे लिहा.
(अ) चार्जिंग बंद पडले तरी ते दिवसभर लक्षात येत नाही.
(आ) चार्ज होत असलेल्या बॅटरीजवळ विडी किंवा काडी नेऊ नये.

३. बॅटरी आणि रांजण यांची तुलना पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

४. उपक्रम : तुमच्या गावातील गॅरेजला भेट द्या. मिस्त्री बिघाड कसा शोधतात ते पाहा आणि त्यांची कामे क्रमाने मराठीत लिहा.