माकडतापाची साखळी

इसवी सन 1957 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या अरण्याच्या परिसरात, माकडे एकामागून एक मरून पडू लागली आणि त्याच रानात लाकूडफाट्यासाठी जाणारी माणसेही तीव्र ज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा आशिया खंडात आजवर न शिरलेला पीतज्वर अखेर येऊन ठेपला की काय, अशी शंका जाणत्यांना चाटून गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोधून काढलेला विषाणू पीतज्वराच्याच कुळातला निघाला खरा, परंतु तो जगाला सर्वस्वी अपरिचित होता. त्याच्यामुळे होणारा रक्तस्रावी ज्वर म्हणजेच माकडताप.

रक्तस्रावी ज्वर लक्षणांनी एकमेकांसारखे भासले, तरी त्यांचे मार्ग भिन्न असतात. 1976 साली झाईरमधील यांबुकू येथे इबोला पसरला तो रुग्णांच्या रक्तातून व शरीरद्रवांतून, आणि दवाखान्यातील पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांतून. माकडताप मात्र माणसापासून माणसाला होत असल्याचे आढळलेले नाही. त्याची वाहक आहे रानातली गोचीड, विशेषतः तिची डोळ्यांना जेमतेम दिसणारी अर्धवाढ अवस्था. उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत हा विषाणू गुपचूप नांदत असतो. माकड हे माणसासारखेच त्याचे भक्ष्य होय, आणि ते मेले म्हणजे त्याच्या अंगावरच्या गोचिडी खालच्या पाचोळ्यात उतरून ती जागाच धोक्याची करून सोडतात. म्हणून माकडांवर बंदुका रोखण्यात किंवा रोग्याच्या घराला वाळीत टाकण्यात काहीही शहाणपण नाही.

डिसेंबर ते मे हा या तापाचा मोसम, आणि काजू वेचण्याचे दिवसही त्यातच येतात. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात ज्यांना त्याची झळ लागली, त्यांना ‘रानात जाऊ नका’ असे सांगणे म्हणजे रोजगार सोडा असे सांगणे होय. तो उपदेश मला अन्यायाचा वाटतो.

गोचीड चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते, काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते, आणि शेकडा 3 ते 5 रोगी दगावतात. रामबाण औषध नाही. वेळेवर मिळालेली शुश्रूषा हाच आधार. तेव्हा रानात जाताना अंगभर कपडे घाला, गोचीड-प्रतिबंधक तेल लावा, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करा. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्याला वर्दी द्या, आणि ताप आलाच तर डॉक्टरांना प्रथम सांगा की आपण रानात गेलो होतो.