एक कनेक्शन, तीन कॉम्प्युटर आणि एक हरवलेले फोल्डर

उत्तर नागपुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात आम्ही संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. बाहेरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप, दोन लॅपटॉप आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल. केबलवाल्याकडून घेतलेले 40 एमबीपीएसचे कनेक्शन मात्र एकच. जुन्या प्रश्नपत्रिका आणि व्हिडिओ लेक्चरची तीच फाइल पाच जण पाच वेळा उतरवून घ्यायचे आणि वर "ताई, नेट स्लो आहे" अशी तक्रार करायचे. नेट स्लो नव्हते. आम्हालाच ते वापरता येत नव्हते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. इंटरनेट वाटून घेणे आणि फाइल वाटून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम राउटर आपोआप करतो. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो. आत राउटर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. असे पत्ते घरातल्या, ऑफिसातल्या खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या घरातला आणि शेजारच्या घरातला पत्ता सारखा असला तरी काही बिघडत नाही. कोणत्या यंत्राने काय मागवले याची नोंद राउटर ठेवतो आणि आलेला माल त्यालाच पोचवतो. चाळीचा पत्ता एक, आतल्या खोल्यांचे नंबर वेगळे, तसेच हे.

दुसरे काम आपल्याला करावे लागते, आणि खरी बचत तिथेच आहे. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 40 मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे फाइलच्या हिशेबात सेकंदाला फक्त 5 मेगाबाइट. 2 जीबीची फाइल उतरायला साडेसहा मिनिटांच्या वर लागतात. पाच जणांनी वेगवेगळी उतरवली तर 10 जीबी आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ. तीच फाइल एकदा डेस्कटॉपवर घेतली तर बाकीचे ती घरातल्या घरात उचलू शकतात. त्याला इंटरनेटचा एक बाइटही लागत नाही. लाइन गेली असेल तरी राउटरला वीज असेपर्यंत हे चालते. व्हॉट्सॲपने समोरच्या खुर्चीवरच्या मुलाला फाइल पाठवली, तर ती आधी बाहेर जाते आणि मग परत येते. शिवाय दाखल्याचा फोटो म्हणून पाठवला तर दाबून लहान होतो आणि शिक्क्यावरची अक्षरे पुसट होतात.

विंडोजवर हे असे करायचे. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या वायफायचा प्रकार 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असताना विंडोज तुमचा कॉम्प्युटर इतरांपासून लपवून ठेवते, स्टेशनवर ते योग्यच आहे. 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. मग फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग'. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता लिहा: \\192.168.1.5 असा काहीतरी. एंटर दाबले की युजरचे नाव आणि पासवर्ड विचारतो.

इथे बहुतेक जण अडकतात, आम्हीही दोन संध्याकाळी घालवल्या. डेस्कटॉपला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. म्हणून शेअरिंगसाठी एक वेगळा युजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. दुसरी संध्याकाळ गेली ती एक लॅपटॉप राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर होता म्हणून. गेस्टवरच्या यंत्राला इंटरनेट मिळते, पण घरातली बाकीची यंत्रे सहसा दिसत नाहीत. आणि डेस्कटॉपचा पत्ता अधूनमधून बदलू नये म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो राखून ठेवता येतो.

आता हरवलेल्या फोल्डरची गोष्ट. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे नऊ मुलांचे स्कॅन आम्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवले आणि घाईत 'एव्हरीवन'ला 'रीड/राइट' देऊन टाकले. म्हणजे कोणीही उघडावे आणि कोणीही पुसावे. एका लहान मुलाने जागा करायची म्हणून ते फोल्डर लॅपटॉपवरून डिलीट केले. रीसायकल बिनमध्ये पाहिले तर काहीच नाही. नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मुदतीला तीन दिवस उरले होते. दोन मुलींची मूळ कागदपत्रे गावी होती आणि एकीचे वडील रोजी बुडवून ती घेऊन आले. मुलाला कोणी काही बोलले नाही, चूक आमची होती.

तेव्हापासून दोन फोल्डर आहेत. 'अभ्यास' सगळ्यांना, पण फक्त 'रीड'. त्यात फाइल टाकायची ती डेस्कटॉपवर बसूनच. दाखल्यांचे फोल्डर शेअरच केलेले नाही. तसेही एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला दुसऱ्याने का पाहावा? अर्ज भरताना ती मुलगी शेजारी असेल तेव्हाच ते उघडतो, आणि दर रविवारी पेन ड्राइव्हवर प्रत घेऊन तो कपाटात ठेवतो.

जुन्या कॉम्प्युटरबद्दल एक सावधगिरी. फोल्डर शेअर करण्याची विंडोजची पद्धत म्हणजे एसएमबी. तिची पहिली, जुनी आवृत्ती वापरू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्यातल्याच दोषातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरला होता. नवीन विंडोजमध्ये ती आवृत्ती बंदच असते. जुन्या यंत्राशी जुळवण्यासाठी कोणी "ती चालू करा" म्हणाले तर पेन ड्राइव्ह वापरलेला बरा.

शेजारच्या मुलांना पासवर्ड द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. कनेक्शन घरमालकिणीच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काही उद्योग केला तर विचारणा तिच्याकडे होईल. पण परीक्षेच्या दिवसांत दारातून मुलाला परत पाठवणेही जमत नाही. ज्या गेस्ट वायफायने आमची एक संध्याकाळ खाल्ली, तेच इथे कामाला आले. गल्लीतल्या मुलांना गेस्टचा पासवर्ड मिळतो आणि तो आम्ही महिन्याला बदलतो. नवा पासवर्ड घ्यायला मुलांना आत यावे लागते, आणि आत आले की मावशी त्यांना आधी अभ्यासाचे विचारतात.