परसातला मोठा टोमॅटो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काशीद, मुरूड, श्रीवर्धन भागातल्या नारळ-सुपारीच्या कितीतरी वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप लावले तर ते धरायला सहा-सात वर्षे जातात. ज्या घरांचा वर्षाचा खर्च वाडीवर चालतो, त्यांच्यासाठी हा काळ फार मोठा आहे. पण झाडे पडल्यामुळे ज्या परसात कधी ऊन उतरत नव्हते तिथे आता दिवसभर ऊन असते. सुपारीची नवी रोपे मोठी होऊन सावली धरेपर्यंत त्या उन्हात घरापुरती भाजी सहज होते. टोमॅटो ही त्यातलीच एक. जुलै २०२३ मध्ये बाजारात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा सालनात किती टाकायचे याचा हिशेब प्रत्येक गृहिणीने केलेला आहे.

मोठा म्हणजे किती?

बाजारातला टोमॅटो साधारण ६० ते ९० ग्रॅमचा असतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का आलोक’ या जातीचे फळ १२० ग्रॅमपर्यंत भरते. परदेशी ‘बीफस्टेक’ प्रकारातली फळे ३०० ते ५०० ग्रॅमची होतात. नावात बीफ आले म्हणून दचकू नये. आतला गर मांसल असतो, म्हणून हे नाव पडले. साधा टोमॅटो आडवा कापला तर आत दोन-तीन कप्पे दिसतात, बीफस्टेकमध्ये सहा-आठ किंवा त्याहून जास्त. कप्पे जास्त म्हणून फळ मोठे, गर जास्त आणि पाणी कमी. एका फळात एका वेळची कोशिंबीर होते.

हंगाम चुकला तर सारे चुकले

आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात टोमॅटो टिकत नाही. मार्च संपला की उकाडा सुरू होतो. टोमॅटोच्या फुलाला रात्री १५ ते २० अंश तापमान मानवते. दिवसा पारा ३५ च्या पुढे गेला की पराग निकामी होतात आणि फुले गळतात. मोठ्या फळाच्या जाती याबाबतीत जास्तच नाजूक. म्हणजे आपल्याला खरे तर चारच महिने मिळतात. भातकापणीनंतर अलिबागकडे पांढरा कांदा आणि गावोगाव वाल लावतात, तोच हा हंगाम.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छपराखाली बी पेरावे. चार आठवड्यांत रोप तयार होते. पाऊस पुरता थांबला की ऑक्टोबरअखेर ते बाहेर लावावे. लावणीपासून ७५ ते ९० दिवसांनी पहिले फळ पिकते, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत घरचे टोमॅटो मिळतात. या काही वर्षांत रमजानही याच सुमारास येत असल्याने इफ्तारच्या दस्तरखानावर ते हमखास पोहोचतील.

उभे झाड अचानक मान टाकते तेव्हा

कोकणात टोमॅटोचा खरा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर. हिरवेगार झाड दुपारी मान टाकते आणि दोन-चार दिवसांत मरते. पाणी कमी पडले असे समजून बायका आणखी पाणी घालतात. खात्री करायची असेल तर खोडाचा बुडाजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगून धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला तर ती मरच. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळावे आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीही लावू नये. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतात.

यातून वाट काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, मर सहन करणारी जात घ्यावी. अर्का आलोक ही तशीच आहे, म्हणून नवख्याने तिच्यापासून सुरुवात करावी. दुसरा, जमिनीऐवजी १५ ते २० लिटरच्या पिशवीत किंवा गोणीत, जिथे ही पिके कधी घेतली नाहीत अशा जागेची माती भरून लावावे. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग काथ्याचा भुसा हे मिश्रण चालते. समुद्रावरची वाळू मात्र घालू नये. ती खारट असते, शिवाय किनाऱ्याची वाळू उचलणे कायद्यानेही मना आहे.

तिसरा मार्ग कलमाचा. टोमॅटो आणि वांगे एकाच कुळातले. मर सहन करणाऱ्या वांग्याच्या रोपावर टोमॅटोचा शेंडा बांधला की मुळे वांग्याची आणि फळ टोमॅटोचे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने हे तंत्र अनेक देशांतल्या शेतकऱ्यांपर्यंत नेले आहे. त्यासाठी कोणतेही वांगे चालत नाही, जात मर सहन करणारीच हवी. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर टोमॅटोला स्वतःची मुळे फुटतात आणि केलेली मेहनत वाया जाते. रोह्याजवळ किल्ला येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. जाती आणि माती यांबद्दल तिथे विचारून मगच खर्च करावा.

कमी फळे, मोठी फळे

बीफस्टेकचे झाड वेलासारखे वाढत जाते. त्याला माणसाच्या उंचीची काठी द्यावी आणि सुतळीने सैल बांधावे. पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारे फुटवे बोटभर असतानाच खुडावेत, एक किंवा दोनच खोडे ठेवावीत. प्रत्येक घोसात दोन-तीन फळे राखून बाकीची लहान असतानाच काढावीत. हे करताना जीव कासावीस होतो, पण झाडाची ताकद मोजकीच असते, ती वाटली गेली की सगळीच फळे लहान राहतात. फळांवर सावली धरणारी पाने मात्र तोडू नयेत, नाहीतर साल उन्हाने भाजते. अर्का आलोक झुडपासारखी वाढते, तिची अशी छाटणी करू नये.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्याला फक्त हलवावे लागते. सकाळी दहाच्या सुमारास काठीला दोन टिचक्या माराव्यात. हे काम मुले आनंदाने करतात आणि विज्ञानाचा एक धडाही होऊन जातो.

पाणी आणि काळे बूड

मोठ्या फळाचे बूड अनेकदा काळे पडते. हा रोग नाही. फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचला नाही याची ती खूण आहे. बहुतेक वेळा मातीत चुना असतो, पण पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस नाही असे झाल्याने तो वर चढत नाही. खारट पाण्यानेही हेच होते, म्हणून विहीर मचूळ झाली असेल तर गोडे पाणी राखून ठेवावे. रोज ठरलेल्या वेळी बुडाशी पाणी द्यावे, पाने भिजवू नयेत, आळ्यात सुक्या पानांचा थर ठेवावा. अंड्यांची टरफले विरघळायला महिने लागतात, ती लावणीच्या वेळीच कुटून मातीत मिसळावीत. फळे पिकू लागल्यावर एकदम जास्त पाणी दिले तर ती तडकतात.

किडीसाठी कडेने झेंडू लावावा. फळ पोखरणारी अळी त्याकडे ओढली जाते. पाने आकसून गोळा झालेले झाड लगेच उपटावे, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडांवर नेते.

बी घरचे

फळावर लाली चढू लागली की तोडून घरात ठेवावे. चव कमी होत नाही आणि पक्ष्यांपासून ते वाचते. फ्रिजमध्ये ठेवू नये. उत्तम झाडावरचे एक फळ पुरते पिकू द्यावे, त्याचा बियांसह गर दोन-तीन दिवस वाटीत आंबवावा, मग धुऊन बी सावलीत वाळवावे. संकरित वाणाचे बी असे राखून उपयोग नाही, पुढच्या वर्षी तेच फळ येत नाही. सरळ वाणाचे बी मात्र तीन-चार वर्षे उगवते. एका फळात चार घरांना पुरेल इतके बी असते. सप्टेंबरच्या आत त्याची पुडी शेजारच्या ज्या परसात ऊन पडते आहे तिथे पोहोचवावी.