रोहिणखेडच्या घरात गिझर बसवताना

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला बोअरचं पाणी वापरत असाल, तर गिझर घेण्याआधी पाण्याचा जडपणा बघा. चहाच्या भांड्यात पांढरा थर धरतो ना, तोच गिझरच्या कॉइलवरही चढतो. मग बिल वाढतं आणि एक दिवस कॉइल जळते. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. सर्व्हिसिंगच्या वेळी तो उघडून बघायला सांगा.

25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं, की साधारण 400 मिलीलिटरने फुगतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते त्यामुळेच. गळतंय म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत. वाढलेला दाब मग टाकी फोडूनच बाहेर पडतो.

2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अ‍ॅम्पिअर ओढतो, म्हणून 16 अ‍ॅम्पिअरचं सॉकेट हवं. अर्थिंग खरी हवी, नुसती हिरवी वायर लोंबकळती नको. जोडीला 30 मिलीअ‍ॅम्पिअरचा ईएलसीबी. पहिल्यांदा चालू करताना आधी गरम पाण्याचा नळ सोडा, त्यातून सलग धार आली की मगच बटण दाबा.